श्रीकांत तिवारी हीरो आहे का गं?

'द फॅमिली मॅन' या मालिकेचा तिसरा सीझन नोव्हेंबर २०२५ मध्ये आला आणि आमच्या भिलाईतल्या कितीतरी घरांत तो जेवतानाच लागला. फर्स्ट शिफ्ट करून आलेला बाप, ओटा आवरून नुकतीच टेकलेली आई. मुलं आत अभ्यास करताहेत असं आपण समजतो, आणि ती दाराशी उभी राहून सगळं बघत असतात. मालिका मोठ्यांची आहे हे कळतं, पण उठून बंद करायचं त्राण नसतं हो.

मग मालिकेतल्या गुप्तहेराबद्दल, श्रीकांतबद्दल, प्रश्न येतो, "आई, श्रीकांत हीरो आहे ना गं?"

आपण घाईत म्हणतो, "हो, देशासाठी लढतो ना!" नाहीतर, "कसला हीरो, बायकोशी खोटं बोलतो." विषय मिटतो. मुलाच्या मनातलं तसंच राहतं.

खरं तर शिवरायांचे हेर बहिर्जी नाईक यांची वेषांतरं आपणच रंगवून सांगतो. हेरानं शत्रूला फसवायचंच, हे मुलांना पटतं. पण त्या गोष्टींत बहिर्जींचं घर येत नाही. श्रीकांतचं येतं, आणि मुलं तिथेच अडखळतात.

पहिल्या सीझनमध्ये करीम हा कॉलेजातला निर्दोष मुलगा श्रीकांतच्या पथकाच्या कारवाईत मारला जातो आणि सत्य दाबलं जातं. श्रीकांतला ते आतून खातं. तो शूर आहे, लेकरांवर जीव टाकतो, तरी करीमच्या बाबतीत मी त्याला हीरो म्हणणार नाही. मोठ्या मुलांशी हे स्पष्ट बोलावं, असं मला मनापासून वाटतं. चांगल्या माणसाच्या हातूनही अन्याय होतो, हे त्यांना पेलतं.

लहानांचं लक्ष मात्र श्रीकांतच्या मुलांकडे, धृती आणि अथर्वकडे असतं. फोन वाजतो, बाबा निघून जातात. आपल्याकडेही स्टील प्लांटमध्ये ब्रेकडाउन झालं की ताटावरून उठावंच लागतं. दुसऱ्या सीझनमध्ये तर धृतीचं अपहरण होतं. ते बघितलेलं पोर रात्री बिलगून झोपलं, तर 'एवढा मोठा झालास' म्हणू नका.

भाजी निवडताना सहज विचारून बघा, "धृतीच्या जागी तू असतास तर बाबांवर चिडला असतास?" उत्तर लगेच येणार नाही. आलं, तर श्रीकांतची बाजू सावरायला धावू नका. नंतर एवढंच विचारा, "आमचा असा राग येतो का रे कधी?"