जालन्याहून रत्नागिरीस

प्रश्न : आम्ही परतूरकडील मंडळी, आईने समुद्र पाहिलेला नाही. रत्नागिरीस तीन दिवस पुरतील काय?

उत्तर : पुरतील, मात्र गणपतीपुळे, पावस आणि शहर एकाच दिवशी उरकण्याचा हव्यास धरू नये. जालन्याहून रेल्वेने ठाण्यास उतरून कोकण रेल्वे धरावी आणि पहिली संध्याकाळ भाट्याच्या सुरूच्या बनाजवळ निव्वळ बसून घालवावी. मोती तलावाला अथांग मानणाऱ्या आम्हां जालनेकरांस क्षितिजाशी ओळख होण्यास अवधी लागतोच. दुसरा दिवस थिबा राजवाड्यास द्यावा. 1885 साली राज्य गमावलेल्या ब्रह्मदेशाच्या थिबा राजास इंग्रज सरकारने येथे नजरकैदेत ठेवले. 1910 साली सिद्ध झालेल्या या लाल इमारतीत जेमतेम सहा वर्षे राहून तो निवर्तला. तिच्या अर्धवर्तुळाकार लाकडी खिडकीशी उभे राहून खाली खाडीकडे पाहावे : पाणी तेच, परंतु पाहणाऱ्याची मुखत्यारी हिरावलेली! टिळक जन्मस्थान, सावरकरांच्या काळचे 1931 चे पतितपावन मंदिर व रत्नदुर्ग यांस उरलेला वेळ. पुळ्याच्या लाटांत मातोश्रींस घोट्यापलीकडे नेऊ नये; पावसाळ्यात तर मुळीच नाही.