करडांचे पहिले शंभर दिवस : लस आणि जंतनाशकाचे वेळापत्रक

शेळीला गरिबाची गाय म्हटले जाते. थोड्या भांडवलात उभा राहणारा शेळीपालनाचा जोडधंदा राजस्थानच्या सिरोहीपासून बंगालच्या काळ्या शेळीपर्यंत आणि मराठवाड्याच्या उस्मानाबादीपर्यंत देशभर पसरलेला आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील शेळ्यांची संख्या सुमारे १४ कोटी ८८ लाख भरली. अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांना बँकांकडून दिल्या जाणाऱ्या कर्जांतही या व्यवसायाला महत्त्वाचे स्थान आहे.

या व्यवसायाचे खरे उत्पादन मात्र शेळी नव्हे, तर करडू होय. समजा, दहा शेळ्या व एक बोकड अशा गटात एका वेतात १५ करडे जन्मली आणि त्यांतील ५ दगावली, तर त्या वेताच्या उत्पन्नाचा एक तृतीयांश भाग बुडाला. शेळ्यांचा चारा, राखणीची मजुरी आणि कर्जाचा हप्ता यांत मात्र एका रुपयाचीही घट होत नाही. त्यातच अगदी लहान करडे विमा योजनांत सहसा बसत नाहीत. म्हणजेच पहिल्या तीन-चार महिन्यांत चीक, लस व जंतनाशक हाच त्यांचा विमा होय. या तिन्हींचा खर्च अल्प आहे. परंतु प्रत्येकाची वेळ ठरलेली आहे. वेळ चुकली, तर केलेला खर्चही वाया जातो.

संरक्षणाचा आरंभ आईपासून

शेळीच्या गर्भातील पिलाला वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती मिळतात व्यायल्यानंतरच्या पहिल्या चिकातून. ही द्रव्ये शोषून घेण्याची आतड्याची क्षमता जन्मानंतर तासागणिक घटत जाते आणि साधारण एका दिवसात संपते. म्हणून पहिला चीक अर्ध्या ते एका तासात पाजावा आणि पहिल्या दिवसभरात वजनाच्या सुमारे एक दशांश इतका चीक पोटात जाईल असे पाहावे. दोन किलोच्या करडाला हे प्रमाण २०० मिलिलिटर होते. वार पडेपर्यंत पिलास पाजू नये, ही अनेक गावांतील समजूत करडाच्या जिवावर बेतणारी आहे.

चिकाचा कस आईच्या प्रतिकारशक्तीवर अवलंबून असतो. शेळीचा गाभण काळ सुमारे पाच महिन्यांचा असतो. विण्याच्या चार ते सहा आठवडे आधी शेळीला आंत्रविषार व धनुर्वात यांची लस टोचल्यास ते संरक्षण चिकावाटे पिलात उतरते. विण्याच्या सुमारास शेळीच्या लेंड्यांतून जंतांची अंडी अधिक प्रमाणात पडतात. त्यामुळे त्या वेळी पशुवैद्यकाने सुचविलेले जंतनाशक तिला देणे पिलाच्याही हिताचे असते. करडाची नाळ स्वच्छ कापून टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी.

लस लवकर नको, उशिरा नको

आईकडून मिळालेले संरक्षण काही आठवड्यांत ओसरू लागते. ते टिकून असताना पीपीआरची लस टोचली, तर आईची प्रतिकारद्रव्येच लसीतील सौम्य विषाणूंना निष्प्रभ करतात. उलट फार उशीर केल्यास रोगाला मोकळे रान मिळते. म्हणून ही लस तिसरा महिना पूर्ण झाल्यावर टोचणे योग्य ठरते.

पीपीआर हा बुळकांडीच्या विषाणूच्या कुळातील रोग. भारतात तो प्रथम १९८७ मध्ये तामिळनाडूत आढळला. तीव्र ताप, नाका-डोळ्यांतून स्राव, तोंडात व्रण, हगवण आणि फुफ्फुसदाह ही त्याची लक्षणे. लहान करडांत मृत्यूचे प्रमाण मोठे असते. भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने विकसित केलेली लस एकदा टोचल्यावर किमान तीन वर्षे संरक्षण देते. २०३० पर्यंत जगातून या रोगाचे उच्चाटन करण्याचे आंतरराष्ट्रीय उद्दिष्ट असून भारतातही त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम राबविला जात आहे.

आंत्रविषाराचे स्वरूप वेगळे आहे. पहिल्या पावसानंतर कोवळे गवत अधाशीपणे खाल्ले गेले, अथवा एकाएकी धान्य जास्त दिले गेले, की आतड्यातील जिवाणू झपाट्याने वाढून विष निर्माण करतात. कळपातील सर्वांत गुटगुटीत करडू रात्रीतून मरून पडते. उपचाराला अवधीच मिळत नाही. या लसीच्या दोन मात्रा दोन ते तीन आठवड्यांच्या अंतराने टोचाव्या लागतात. दुसरी मात्रा चुकविल्यास पहिलीचा लाभ फारसा टिकत नाही. पुढे दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ती पुन्हा द्यावी.

लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. पीपीआरची लस द्रावणात मिसळल्यावर बर्फात ठेवून लगेच वापरावी. आंत्रविषाराची लस मात्र गोठू देऊ नये. आजारी वा अशक्त करडास लस टोचू नये.

जंतनाशक : वजन पाहून, वेळ पाहून

करडू दोन-तीन आठवड्यांचे झाले की गवताला तोंड लावू लागते आणि जंतांचा शिरकावही तेव्हाच होतो. पोटातील गोलकृमी रक्त शोषतात. डोळ्याची खालची पापणी आतून पांढुरकी दिसणे, जबड्याखाली सूज येणे, केस राठ होणे ही त्याची चिन्हे होत. लेंड्यांत तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसल्यास पट्टकृमी आहेत असे समजावे.

मात्रा अंदाजाने न देता करडू काट्यावर तोलून द्यावी. कमी मात्रेने जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. एकच औषध अंगवळणी पडल्यासारखे महिन्या-महिन्याला पाजणेही त्याच कारणाने घातक ठरते. शक्य तेथे लेंड्यांची तपासणी करून औषध निवडावे. औषध पाजताना करडाची मान फार उंच करू नये. औषध श्वासनलिकेत गेल्यास न्यूमोनिया होतो.

रक्ती हगवण हा जंतांचा रोग नव्हे. ती कॉक्सिडिया नावाच्या सूक्ष्म जीवांमुळे होते आणि नेहमीचे जंतनाशक तिच्यावर चालत नाही. कोरडा गोठा, उंचावरची गव्हाण आणि दाटी टाळणे हे तिच्यावरील पहिले उपाय. औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावे.

वेळापत्रक एका दृष्टिक्षेपात

जन्मदिवस : तासाभरात चीक, नाळेस आयोडीन, वजनाची नोंद.
पहिला ते दुसरा महिना : पहिले जंतनाशक, रक्ती हगवणीवर लक्ष.
तिसरा महिना : लसीकरणापूर्वी एक-दोन आठवडे पुन्हा जंतनाशक.
तिसरा महिना पूर्ण झाल्यावर : पीपीआर, पशुवैद्यकाने सांगितलेले अंतर ठेवून आंत्रविषार व लाळ्या-खुरकूत.
त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी : आंत्रविषाराची दुसरी मात्रा.
पुढे : पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर जंतनाशक.

आईला लस दिलेली नसल्यास आंत्रविषाराची लस करडास अधिक लवकर द्यावी लागते. देवीसारख्या अन्य लसी त्या-त्या भागातील प्रादुर्भाव पाहून पशुवैद्यक ठरवितात.

नोंदवहीचे महत्त्व

प्रत्येक करडाची जन्मतारीख, वजन, लस आणि जंतनाशकाची तारीख एका वहीत लिहिल्यास वेळापत्रक पाळणे सोपे जाते. विक्रीच्या वेळी ही वही खरेदीदाराचा विश्वास वाढविते आणि करडे मोठी झाल्यावर विम्याच्या कामीही येते. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्डाची सुविधा पशुपालनासही खुली करण्यात आली. खेळत्या भांडवलाच्या अंदाजात औषधोपचाराची तरतूद आरंभीच धरलेली असावी. शाखेतील सहकाऱ्यांनीही कर्जोत्तर पाहणीच्या वेळी शेळ्या मोजून परतण्याऐवजी करडांची ही वही अवश्य पाहावी. त्या वहीतील रिकामी रकाने पुढील थकबाकीची पहिली खूण असू शकतात आणि ती खूण वेळीच दिसली, तर करडू व कर्जदार दोघेही सावरतात.