तीन अक्षरांची चौकट आणि एका अक्षराचें घसरणें



पुढील चार शब्द वाचा : नगर मगर जनक लहर. आतां आरंभींचें ‘न’ हें अक्षर सोडून द्या आणि तेथून पुन्हां तीन-तीन अक्षरांचे गट पाडा : गरम गरज नकल; शेवटीं ‘हर’ हीं दोन अक्षरें उरतात. एकहि अक्षर बदललें नाहीं, क्रमहि तोच राहिला. मोजणीचा आरंभ मात्र एका अक्षरानें पुढें सरकला आणि सगळे शब्द निराळे झाले. आज ज्या विषयाचा विचार करावयाचा आहे, त्याचें मर्म ह्या लहानशा खेळांत आहे.

आपल्या शरीरांतील प्रत्येक प्रथिन हें अमिनो आम्लांची सांखळी होय. ती कोणत्या क्रमानें गुंफावी ह्याची आज्ञा डीएनएमध्यें असते, व तिची नक्कल संदेशवाहक आरएनए ह्या रूपानें पेशींतील राइबोसोमाकडे जाते. ह्या संदेशाची वर्णमाला अवघ्या चार अक्षरांची : ए, यू, जी आणि सी. राइबोसोम एका वेळीं तीन अक्षरें वाचतो व तदनुसार एक अमिनो आम्ल सांखळीस जोडतो. चार अक्षरांच्या अशा ६४ त्रयी होतात. पैकीं ६१ अमिनो आम्लें दर्शवितात आणि उरलेल्या तीन ‘थांबा’ असें सांगतात. संदेश तीन-तीन अक्षरांनीं वाचला जातो, हें क्रिक, ब्रेनर व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९६१ सालीं प्रयोगानें दाखविलें. पुढें त्रयींचा अर्थ उलगडण्याच्या कार्याबद्दल पंजाबांत जन्मलेले हरगोविंद खुराणा ह्यांना निरेनबर्ग व हॉली ह्यांजबरोबर १९६८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. बडोद्याच्या विद्यापीठांत शिकलेले वेंकटरामन् रामकृष्णन् ह्यांना राइबोसोमाच्या रचनेच्या अभ्यासासाठीं २००९ सालीं, अन्य दोघांसमवेत, तोच मान लाभला.

ह्या संदेशांत दोन त्रयींमध्यें मोकळी जागा नसते आणि विरामचिन्हहि नसतें. जुनें मोडी कागदपत्र ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस हें सहज पटेल. तेथें शब्द कोठें तोडावा हें वाचणारानेंच ठरवावयाचें असतें. राइबोसोम एकदां आरंभ ठरवितो आणि तेथून तीन-तीनांची चौकट न सोडतां शेवटपर्यंत जातो. चौकट एका अक्षरानें सुटली तर पुढील सर्व आम्लें चुकतात, आणि बहुधा लवकरच भलतीच ‘थांबा’ त्रयी आडवी येऊन सांखळी अपुरी राहते.

हा पाठ मीं अनेक वर्षें असाच शिकविला. एके वर्षीं मागील बांकावरील एका मुलानें विचारलें, “गुरुजी, राइबोसोम घसरला तर तें नेहमीं वाईटच काय ?” मीं उत्तर दिलें, “अर्थात् ! चूक ती चूकच.” मुलगा खालीं बसला. पुढें वाचन करितांना मला आढळून आलें कीं त्याचा प्रश्न माझ्या उत्तराहून अधिक शहाणपणाचा होता. तो मुलगा तोंवर शाळा सोडून गेला होता. त्याला जें सांगावयाचें राहिलें, तें येथें लिहितों.

पेशींच्या वाढीस पॉलिअमाइन नांवाचीं लहान द्रव्यें लागतात. प्यूट्रेसिन, स्पर्मिडिन व स्पर्मिन हीं त्यांतील मुख्य. तीं कमी पडलीं तर वाढ खुंटते, फार झालीं तर पेशीस अपाय होतो. त्यांच्या निर्मितीची पहिली पायरी ऑर्निथिन डिकार्बॉक्सिलेज हें विकर घडवून आणतें. ह्या विकरास आळा घालणारें एक प्रथिन आहे. त्याचें नांव अँटिझाइम, म्हणजे प्रतिविकर. तें विकरास चिकटतें आणि त्याला प्रथिनें मोडणाऱ्या यंत्राच्या स्वाधीन करितें.

आतां नवल असें कीं, अँटिझाइमचा संदेश सरळ वाचला तर तें प्रथिन पुरें होतच नाहीं. संदेशांत एके ठिकाणीं यूसीसी ही त्रयी येते आणि तिच्या लगेच पुढें यूजीए, म्हणजे ‘थांबा’. चौकट सांभाळणारा राइबोसोम तेथेंच थांबतो व निरुपयोगी तुकडा तयार होतो. परंतु पेशींत पॉलिअमाइनें वाढलीं म्हणजे कांहीं राइबोसोम तेथें एक ‘यू’ ओलांडून पुढें सरकतात. मग ‘थांबा’ ही आज्ञा त्यांना दिसतच नाहीं. पुढील त्रयी जीएयू अशी वाचली जाते आणि संपूर्ण अँटिझाइम तयार होतें. तें विकरास आवरतें, पॉलिअमाइनें कमी होतात, आणि तीं कमी झालीं म्हणजे घसरणेंहि कमी होतें. पाण्याची टांकी भरतांच वर उचललेला गोळा नळ बंद करितो, तसाच हा प्रकार.

हा केवळ तर्क नव्हे. सस्तन प्राण्यांच्या अँटिझाइमसंबंधीं मात्सुफुजी, गेस्टलँड, ॲटकिन्स प्रभृतींचें संशोधन १९९५ सालीं प्रसिद्ध झालें. तयार प्रथिनांतील आम्लांचा क्रम तपासतां, यूसीसीचें सेरिन आणि त्यास लागूनच जीएयूचें ॲस्पार्टिक आम्ल आढळलें. मधलें एक अक्षर ओलांडलें गेलें ह्याचा हा प्रत्यक्ष पुरावा होय. हें घसरणें आपोआपहि होत नाहीं. समोरची ‘थांबा’ त्रयी आणि पुढें आरएनएच्या धाग्याला पडलेली विशिष्ट गांठ ह्या दोहोंचें त्यास साह्य असतें.

घसरणें मागेंहि होतें. एड्स रोगाचा विषाणु व करोना विषाणु आपलीं कांहीं आवश्यक प्रथिनें राइबोसोमास एक अक्षर मागें सरकवूनच करवून घेतात. सस्तन प्राण्यांचें पेग-१० नांवाचें जनुक विषाणुसदृश पूर्वजापासून आलेलें असून त्याच्या संदेशांतहि असेंच मागें सरकणें घडतें. हें जनुक काढून टाकलेल्या उंदरांचे गर्भ वारेची वाढ नीट न झाल्यानें मरण पावतात, असें २००६ सालीं जपानी संशोधकांनीं दाखविलें.

तथापि एक सावधगिरी अवश्य बाळगावी. ह्यावरून चौकटीचा नियम खोटा ठरत नाहीं. असंख्य संदेशांत राइबोसोम ती निष्ठेनें पाळतो, आणि भलत्या जागीं सुटलेली चौकट हानिकारकच असते. नियम इतका पक्का आहे म्हणूनच ठराविक जागीं, ठराविक वेळीं केलेल्या अपवादास अर्थ येतो. जेथें प्रत्येक जण मनास येईल तेथून वाचूं लागेल, तेथें एक अक्षर ओलांडण्यानें कोणताच निरोप पोंचणार नाहीं.

मित्रहो, पुस्तकांतील नियम पाठ करा. तो उपयोगीं पडतो. पण वर्गांत कोणी “नेहमींच काय ?” असें विचारलें तर हसूं नका. आणि गुरुजींनीं घाईनें उत्तर दिलें, तर तो प्रश्न वहींत लिहून ठेवा व पुन्हां विचारा. मागील बांकावरील त्या मुलाच्या हातीं हा अंक पडला, तर त्यानें समजावें कीं त्याचें उत्तर उशिरां कां होईना, पण आलें आहे.