तीन कोटेशन ठरली, मग माल एकाच दुकानातून का?

ताईंनो, मोठी खरेदी करताना तीन दुकानांची कोटेशन घ्यायची, असा ठराव बऱ्याच ग्रामसंघांत असतो. तरी शेंगा चटणीचे शेंगदाणे आणायची वेळ आली की पाय नेहमीच्याच दुकानाकडे वळतात. का बरं?

दर वेळी लबाडीच असते असं नाही. कारणं चार:

१. ओळख : दाणे खवट निघाले तर तो बदलून देतो.
२. घाई : ऑर्डर परवा द्यायची, तालुक्याला कधी जायचं?
३. उधारी : स्वस्त दुकान रोख मागतं.
४. नातं : दुकानदार सचिवताईंचा दीर. नाही कसं म्हणायचं?

पहिल्या तिन्हीत गटाचा फायदा असू शकतो, चौथ्यात एकाच घराचा. पण वहीत चारही सारखीच दिसतात, एकच बिल! तिथूनच कुजबुज सुरू होते.

मोठ्या कारभारातही असंच घडतं. अंगणवाडीच्या आहाराला ठेकेदार नकोत, गावातले बचत गट आणि महिला मंडळं घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ ला सांगितलं. पण महाराष्ट्रात २०१६ साली निघालेल्या निविदेच्या अटी मोठ्यांच्याच मापाच्या होत्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने ती रद्द करून नवी काढायला लावली. म्हणजे धोरण आपल्या बाजूचं असलं, तरी निवड कशी होते तेही बघावं लागतं.

आता उधारीचा हिशोब करू. समजा, ५० किलो दाणे घ्यायचेत. एकाकडे १३० रुपये किलो, रोख. नेहमीच्याकडे १३६ रुपये, पंधरा दिवस उधार. फरक ३०० रुपये. तेच ६,५०० रुपये गटातून महिना २ टक्क्यांनी पंधरा दिवस घेतले, तर व्याज फक्त ६५ रुपये, आणि तेही गटातच राहतं!

म्हणून एवढं करा :

• नियम सोडावा लागला तर कारण त्याच दिवशी वहीत लिहा, बैठकीत वाचून दाखवा.
• नात्यातलं दुकान असेल तर त्या ताईने निवडीला बसू नये.
• कोटेशनमध्ये दरासोबत मालाची प्रत, उधारीचे दिवस आणि बदलून देण्याची हमीही लिहून घ्या.
• एकच नियम सारखा मोडत असेल तर ठराव करून तो बदला. लपून मोडू नका.

पुढच्या बैठकीत शेवटची तीन बिलं काढा आणि विचारा : हे दुकान आपण का निवडलं?