मोटारविक्री आणि ग्राहकसेवा

मोटार घेणारा ग्राहक केवळ वस्तू घेत नाही. पुढील देखभालीचे आश्वासनही घेतो. परंतु आपल्या देशात या सेवेला दीर्घकाळ महत्त्व नव्हते. अँबॅसिडर, प्रीमियर पद्मिनी यांसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे थांबावे लागे. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० साठीही रांगच होती. पुरवठा अल्प असता विक्रेत्याने मनधरणी का करावी? १९९३ साली मोटार उद्योग परवानामुक्त झाला, स्पर्धा वाढली आणि ग्राहकाला निवड मिळाली.

आपल्या कुंभारवाड्यासारख्या जंगलातील गावी ही निवड जपूनच करावी लागते. मोठ्या दुरुस्तीसाठी अणशी घाट उतरून कारवार, नाहीतर दांडेली गाठायची. म्हणून येथील ग्राहक रंगाआधी सुट्या भागांची चौकशी करतो. कर्ज, विमा व हमीच्या अटी मराठीत वा कन्नडमध्ये समजावणारा विक्रेता विश्वास मिळवतो. इंग्रजी कागदावर घाईने सही घेणारा तो गमावतो.

पावसाळ्यात गाडी दारात बंद पडली तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. तेव्हा विक्रेत्याचे सौजन्य खरेदीच्या दिवशी नव्हे, पहिल्या दुरुस्तीच्या दिवशी कळते. ते आधीच जाणून घ्यायचे असेल, तर त्याच्या जुन्या ग्राहकांना विचारावे.