पिकअप बघून वेग समजू नका

आमच्या नगरकडच्या कर्जत भागात ‘पिकअप’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. लिंबाच्या गोण्या, कांदा, दुधाचे कॅन वाहणारी, मागे उघडा हौदा असलेली गाडी म्हणजे पिकअप. आणि पाय दाबल्याबरोबर गाडी किती झपाट्याने उचल घेते, त्यालाही पिकअपच म्हणतात. या दुसऱ्या पिकअपवर मी नको तेवढा विश्वास टाकला. त्यापायी माझ्या भाच्याचा खांदा निखळला. माझ्यासारखी नवी गाडी घ्यायला निघालेल्यांसाठी हे सगळं सांगतो आहे.

11 वर्षं मी डिझेलवरची बोलेरो पिकअप चालवली. नंतर डिझेलचा खर्च झेपेना, तेव्हा छोटी इलेक्ट्रिक मालगाडी घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण चूक गाडीची नव्हती. पहिल्याच आठवड्यात मी तिच्यावर खूश झालो. कुकडीच्या चारीवरून वर रस्त्याला लागताना छोटासा चढ आहे. भरलेली डिझेल गाडी तिथे हाफ क्लच धरून, जळका वास सोडत चढायची. ही गाडी जागेवरून सुटायची ती आवाज न करता, सरळ वर. गिअर नाही, क्लच नाही. राशीनच्या बाजारात गर्दीतून काढताना, दर दहा पावलांवर थांबून पुन्हा निघताना तर डिझेल गाडी तिच्यापुढे जड वाटायची.

याचं कारण समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. डिझेल किंवा पेट्रोलचं इंजिन काही फेऱ्यांपर्यंत चढल्याशिवाय पूर्ण ओढ देत नाही. विजेची मोटर शून्यापासूनच पूर्ण ओढ देते. टाटा एसचं उदाहरण घेऊ. माझी गाडी ती नाही, पण तिचे आकडे सगळ्यांसमोर आहेत. पेट्रोल एसचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारी ओढ, 55 न्यूटन-मीटर. 2022 साली आलेल्या इलेक्ट्रिक एसचा 130. दुपटीहून जास्त! आता हॉर्सपॉवर बघा. पेट्रोलची 30, इलेक्ट्रिकची 36. फरक अगदी थोडा. जागेवरून सुटताना टॉर्क कामाला येतो, पण एकदा वेग आला की त्याच्यापुढे गाडी वाढवायला हॉर्सपॉवर लागते. ज्या बोलेरोला मी जड म्हणत होतो, तिला जवळपास 75 हॉर्सपॉवर होती. शिवाय या छोट्या विजेच्या गाड्यांचा कमाल वेग कंपनीच बांधून देते. माझ्या गाडीचा 60 आहे. कागदावर तो लिहिलेला होता, मी वाचलाही होता. पण मनात उतरला नव्हता.

गळिताचे दिवस होते. रोज उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर. ते चालतात 20–25 ने. मी रोज त्यांना सहज मागे टाकायचो आणि त्या सवयीने मला वाटू लागलं की ओव्हरटेकला ही गाडी डिझेलपेक्षा सरस आहे. 25 ने चाललेल्या वाहनाला ओलांडताना ते खरंही आहे.

त्या सकाळी मिरजगावच्या रस्त्याने नगरला निघालो होतो. मागे लिंबाच्या गोण्या, शेजारी भाचा. पुढे मालट्रक, 50 च्या वेगात. समोर रस्ता मोकळा दिसला, मी गाडी बाहेर काढली आणि पाय पूर्ण दाबला. काटा 55 वर गेला, मग 58, मग 60. आणि तिथेच थांबला. मी ट्रकच्या मधोमध होतो. समोरून टँकर आला. भाचा ओरडला, “मामा, मागं घ्या!” मी ब्रेक दाबला तर ट्रकच्या मागे दुसरी गाडी येऊन चिकटलेली. उजव्या बाजूच्या साइडपट्टीवर उतरण्यावाचून इलाज उरला नाही. डांबर सुटलं, चाक खड्ड्यात गेलं, गोण्या एका अंगाला कलल्या. गाडी उलटली नाही. टँकर बाजूने निघून गेला. भाचा दारावर आदळला होता.

नंतर घरी बसून कागदावर हिशेब केला. तो प्रत्येकाने एकदा तरी करावा. ट्रक दहा मीटरचा धरा, ओलांडण्याआधी दहा मीटर अंतर, ओलांडल्यावर दहा मीटर, आपली गाडी चार मीटरची. म्हणजे ट्रकपेक्षा 34 मीटर जास्त कापायचे. ट्रक 50 ने, आपण 60 ने. फरक ताशी दहा किलोमीटर, सेकंदाला तीन मीटरही नाही. बारा सेकंद लागतात. त्या बारा सेकंदांत आपण 200 मीटर जातो आणि समोरून 70 ने येणारा सव्वादोनशेच्या पुढे. निदान साडेचारशे मीटर रस्ता रिकामा दिसत असेल तरच गाडी बाहेर काढायची. माझी जुनी गाडी अशा वेळी 70 ला जायची, तेव्हा हाच वेळ निम्म्यावर यायचा. माझ्या पायाला सवय त्या निम्म्या वेळेची होती.

भाचा मला मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ दाखवायचा. 2023 मध्ये टेस्लाने आपल्या सायबरट्रक या विजेवरच्या पिकअपमागे पोर्शे गाडी जोडून दुसऱ्या पोर्शेला हरवल्याचा व्हिडिओ काढला होता. शर्यत पाव मैलाची सांगितली, प्रत्यक्षात निघाली त्याच्या निम्म्या अंतराची. सुरुवातीच्या उचलीचा फायदा सर्वांत जास्त दिसतो तो तेवढ्याच तुकड्यात. त्या ट्रकच्या मोटरींची ताकद आमच्या गाड्यांच्या कित्येक पट आहे हेही खरं. त्याचा वेग बघून आपल्या छोट्या गाडीच्या वेगाचा अंदाज बांधू नये.

म्हणून गाडी घ्यायला जाल तेव्हा शोरूमच्या आवारात रिकामी फिरवून परत येऊ नका. हौद्यात नेहमीइतका माल भरा. विक्रेता नकार देत असेल तर दुसरीकडे जा. मग 0 ते 30 कसं जाते ते बघू नका, ते छानच जाणार. 40 वरून 60 ला जायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजा. इको मोडवर मोजा, पॉवर मोडवरही मोजा. बॅटरी अगदी उतरली की अनेक गाड्या ताकद कमी करतात, तेव्हा ते किती टक्क्यांना होतं हे विचारून ठेवा आणि त्याखाली गाडी असताना कोणालाही ओलांडायला जाऊ नका. गोण्या मागच्या फाळक्यालाही दोर लावून बांधा, सुटतानाच्या झटक्याने माल मागे सरकतो. आवाज नसल्यामुळे गावात शेळ्या आणि लहान पोरं बाजूला होत नाहीत. शाळेजवळ पाय ब्रेकवरच असू द्या.

वेगाचा बॅटरीवर होणारा परिणाम थोडक्यात सांगतो. वेग वाढला की हवेचा रोध त्याच्या वर्गाच्या पटीत वाढतो. कर्जत ते नगर पाऊणशे किलोमीटर, जाऊन-येऊन दीडशे. सतत 60 ने गेलो तर माझी गाडी चार्ज केल्याशिवाय परत येत नाही. 45 ने येते.

मग घ्यावी की नाही? दूध गोळा करायला, राशीन, सिद्धटेक, आसपासच्या वाड्यावस्त्यांवर माल टाकायला हिच्यासारखी गाडी नाही, आणि मी ती विकलेली नाही. रोज दुपदरी रस्त्याने लांबच्या बाजारात जाणाऱ्याने मात्र डिझेल ठेवावी, किंवा मोठ्या मोटरची गाडी बघावी.

भाच्याचा खांदा बसला. आता नगरला जाताना बहुतेक वेळा तोच चालवतो. आम्ही अर्धा तास लवकर निघतो. पुढे 50 ने ट्रक चालला असेल तर तो त्याच्या मागे अंतर ठेवून राहतो, आणि मी काही बोलत नाही.