आधार शाश्वताचा

परळीच्या श्री वैद्यनाथाच्या पायऱ्या चढून येणारा प्रत्येक जण काही मागणे घेऊन येतो. कोणी संतती मागतो, कोणी आरोग्य, कोणी शेतासाठी पाऊस. मागणे गैर नव्हे. परंतु मिळालेलेही एके दिवशी गेले, तर श्रद्धेने कोठे उभे राहावे? या प्रश्नाचे उत्तर या मंदिराचा जीर्णोद्धार करविणाऱ्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या चरित्रात आहे.

बीड जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यातील चौंडी या गावी १७२५ साली त्यांचा जन्म झाला. माळव्याच्या सुभेदारांची सून म्हणून त्यांना वैभव लाभले; पण त्या वैभवाने आपले माणूस एकही राखले नाही. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. १७६६ मध्ये पित्यासमान सासरे मल्हारराव गेले आणि पुढच्याच वर्षी एकुलता पुत्र मालेराव. वृद्धापकाळी नातू आणि जावई गेले. १७९१ मध्ये कन्या मुक्ताबाई, आईची विनवणी न ऐकता, पतीमागे सती गेल्या.

शिवभक्तीने हे आघात टळले नाहीत, आईचे अश्रूही थांबले नाहीत. मग भक्तीने दिले काय? भक्तीने त्यांचे मन कडू होऊ दिले नाही. राज्य शंकराचे, आपण केवळ कारभारी, या भावाने त्या राजपत्रांवर ‘श्रीशंकर’ असे लिहीत. घरात ज्यांच्यावर माया करायची ते उरले नाहीत, तेव्हा ती माया प्रजेकडे व यात्रेकरूंकडे वळली. काशी, सोमनाथ, गया, वेरूळ, परळी येथे मंदिरे उभी राहिली. घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे झाली. १७९५ मध्ये त्या निवर्तल्या. होळकरांचे राज्यही कालांतराने विलीन झाले. त्यांनी ईश्वरार्पण केलेले मात्र आजही भाविकांच्या उपयोगी पडत आहे.

देणगीची पावती फाडताना ‘कोणाच्या स्मरणार्थ’ असे आम्ही विचारतो, तेव्हा अनेकांचा कंठ दाटून येतो. अशा वेळी आम्हांस अहिल्यादेवींचे स्मरण होते. गेलेले माणूस देणगीने परत येत नाही. परंतु त्याच्यावरील प्रेमाला वाट मिळते, आणि ते प्रेम एखाद्या अनोळखी वाटसरूच्या पानात अन्न होऊन उतरते. ईश्वराचे प्रेम अनुभवास येते ते असेच.

म्हणून भाविकहो, दर्शन घेताना आपले मागणे अवश्य सांगावे. मात्र परत फिरताना एवढे अधिक मागावे : ‘देवा, जे जाणार ते जावो, तुझ्यावरचा विश्वास आणि इतरांविषयीची माया तेवढी राहू दे.’

॥ हर हर महादेव ॥